कोंबडा कुणीकडे बघतोय?

१

मावशीने फोन माझ्यासमोर सरकवला आणि शिवणयंत्राचं चाक हाताने नुसतंच फिरवत राहिली. सुईत दोरा नव्हता. मावशीचे हात असे कधी रिकामे नसतात. एक तर त्यात कापड असतं, नाहीतर पावाचं पीठ.

"वाच. पण मोठ्याने नको. आत हे झोपलेत."

घरी पाव भाजणाऱ्यांचं एक मोठं सार्वजनिक पान आहे. हजारो लोक तिथे फोटो टाकतात आणि एकमेकांना वाहवा देतात. त्या पानावर 'एक घास' असं नाव घेऊन कुणीतरी लिहिलं होतं. खरं नाव नाही, चेहरा नाही, फोटो नाही.

"आमच्या ओळखीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. पाव बरा करतात. परवा त्यांनी पावावर कोंबडा कोरला. डावीकडे मान करून असा बघत होता, जणू ओव्हनमधून पळायची वाट शोधतोय. पण पाव हे निमित्त. बाईंना टाळ्या हव्यात, आणि त्याही परक्यांच्या. छातीत गाठ लागली, सुईची तपासणी झाली, घरच्यांना पत्ता नाही. घरात माणसं असून बाई एकटी गेली. आणि त्या एकटं जाण्याचं कौतुक कुणाकडून करून घेतलं? ज्यांनी तिला आयुष्यात डोळ्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्याकडून. अशा बाईचा पाव गोड कसा लागावा?"

मी दोनदा वाचलं.

"मावशी, गाठ?"

"साधी निघाली. रिपोर्ट आला, सगळं ठीक आहे." ती चाक फिरवतच होती. "आज दुकानात एक गिऱ्हाईक ब्लाउज टाकायला आलं आणि माझ्या छातीकडे बघून म्हणालं, आता बरं आहे ना?"

"आईला माहीत आहे?"

"ताईला? ताईला सांगितलं असतं तर तिने आधी गाठ का होऊ दिलीस म्हणून मला झापलं असतं."

"मग कुणाला माहीत होतं?"

"ग्रुपला. फक्त ग्रुपला." आता तिने चाक थांबवलं. "आमच्यातल्याच कुणीतरी लिहिलंय, आणि कोणी ते सगळ्यांनी ठरवून टाकलंय. संध्याकाळी नर्सबाईंना ग्रुपमधून काढणार आहेत. तू ते जंतू कुठून आले ते शोधतेस ना? मग हे कुठून आलं तेही शोध. मला खात्री हवी. चुकीच्या माणसाला काढलं तर मला पुन्हा पीठ मळवणार नाही."

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी बसलेल्या भाचीला ह्याहून चांगलं काम त्या दिवशी मिळणार नव्हतं.

२

ग्रुपचं नाव 'फुगलं का?' चौघंच जण. रोज सकाळी कुणीतरी हा प्रश्न टाकतं आणि उरलेले आपापल्या भांड्यातल्या पिठाचा फोटो पाठवतात. मग पिठावरून गाडी घसरते ती सासू, साहेब, गुडघे, झोप, सगळ्यावर. चौघं कधी भेटलेले नाहीत, एकमेकांचा आवाजही त्यांनी ऐकलेला नाही. मावशी तिथे 'टाकेवाली' आहे. ग्रुप काढला तो दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, म्हणून त्या 'दातवाली'. तिसरा 'बोटवाला', मालवाहू जहाजावर इंजिनीअर. आणि सगळ्यात शेवटी आलेली नर्सबाई. ती रात्रपाळी करते आणि एकटी राहते. "पाळी संपवून घरी येते तेव्हा मला 'फुगलं का' विचारणारे तुम्हीच," असं तिने एकदा लिहिलं होतं. ते मावशीला पाठ होतं.

आम्ही मावशीच्या घराच्या दोन मजले वर राहतो. मी वर आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दातवालीला फोन लावला. ओट्याशी आई दुधी सोलत होती. फडताळावर बरणीला टेकून तिचा 'रेडिओ' गात होता. रेडिओ म्हणजे मावशीने दिलेला जुना फोन. त्यात सिमकार्ड नाही, नुसती गाणी. आईच्या दृष्टीने ज्यावरून कुणी आपल्याला त्रास देऊ शकत नाही असा हा एकमेव चांगला फोन.

"हे बघा, मी आरोप करत नाहीये," दातवाली म्हणाली. मागे कुणाच्या तरी दाढेत यंत्र घुरघुरत होतं. "मी फक्त सांगते. 'सुईची तपासणी' हा शब्द ग्रुपवर पहिल्यांदा कोणी वापरला? नर्सबाईंनी. टाकेवाली बिचारी 'बघायला बोलावलंय' एवढंच लिहीत होती."

"पण तो शब्द तुम्हीही वाचलात."

"वाचला. मग? मी लिहीन का असलं?"

"नर्सबाई यायच्या आधी मावशी कुठलीही गोष्ट आधी कुणाला विचारायची?"

यंत्र बंद झालं.

"मला," ती म्हणाली. "पीठ सैल झालं तर मला. झोप लागली नाही तर मला. आता दाढ दुखली तरी नर्सबाईंना विचारते. दाढ! तुम्हीच सांगा. मी काय गवत उपटते का इथे?"

मला हसू आलं, पण तिला ते येत नव्हतं.

"एक मिनिट. तुम्ही फोन केलात हे ग्रुपवर टाकून ठेवते. नाहीतर म्हणतील, ही परस्पर सूत्रं हलवते."

ती टाइप करत असावी. माझ्या मागे गाणं एका शब्दाच्या मधोमध अडखळलं आणि परत सुरू झालं.

"ह्याला पण उचक्या लागतात," आई रेडिओकडे न बघता म्हणाली आणि दुधीचं साल जरा जास्तच जाड काढलं.

मी फोन ठेवला. 'गाठ' हा शब्द मी उच्चारला नव्हता, त्यामुळे निश्चिंत होते. आईने काही विचारलंही नाही. रॉंग नंबर आला तरी "कोण होतं? काय म्हणत होतं? आवाज कसा होता?" असं विचारणारी माझी आई, तिने काहीच विचारलं नाही. मला तेव्हा हे सोयीचं वाटलं.

३

बोटवाल्याचा ध्वनिसंदेश आला. अर्धा संदेश इंजिनाचाच होता.

"टाकेवालीचा पाव मी कधी खाल्लेला नाही, पण तिच्या फोटोंवर मी इथे महिनेच्या महिने काढतो. आमचा खानसामा मला रविवारी ओव्हन देतो, तोही तोंड वाकडं करून. जळतो का मी? जळतो की! तुम्ही गरम पाव कापता, आणि आम्ही इथे फोटो मोठा करून कवच बघतो. पण कोंबड्यावर मी तोंडावर हसलेलो आहे, हवं तर वर जाऊन बघा. जो तोंडावर हसतो त्याला मागून लिहायची गरज काय?"

मावशीने पूर्ण ग्रुप माझ्या फोनवरही उघडून दिला होता. मी जुने मेसेज सरकवत वर गेले. फोटोत मावशी पाव छातीशी धरून हसत होती. लालसर कवचावर ब्लेडने कोरलेला ऐटबाज कोंबडा, शेपटी झकास. खाली तिघांचं सुरू होतं.

बोटवाला: "हा उजवीकडे का बघतोय? तिकडे खाटीक आहे का?"

दातवाली: "तिकडे माझा दवाखाना आहे. घाबरलाय."

नर्सबाई: "उजवीकडे सूर्य उगवला असेल. माझ्यासारखीच त्याची पाळी संपली."

मी हसले आणि पुढे सरकले. तिथेच थांबायला हवं होतं.

नर्सबाईंनी फोन घेतला नाही. "आज बदली दिवसपाळी, वॉर्डात आहे. लिहून विचारा," असं आलं.

मी विचारलं: "तुम्ही लिहिलंत का?"

"नाही."

"कुणावर संशय?"

"नाही."

मग मी जे सगळ्यांना विचारत होते ते विचारलं. "तुम्हाला ग्रुपमध्ये कुणाचा हेवा वाटतो का?"

ती लिहिते आहे असं बराच वेळ दिसत राहिलं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. शेवटी उत्तर आलं.

"हो. टाकेवालीचा. ती लिहिते, मी एकटीच गेले, बाकावर एकटीच बसले. ज्याला एकटं बसायची सवय असते त्याला ते लिहिण्यासारखं वाटत नाही. मला संध्याकाळी काढणार आहेत ते माहीत आहे. मी आपणहून जाणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं."

हे निर्दोष माणसाचं बोलणं होतं की डिवचलेल्या माणसाचं, ते मला ठरवता येईना. प्रयोगशाळेत अशा वेळी नमुना पुन्हा घेतात. मी खाली गेले. काका उठले होते.

४

काका गाडी शिकवतात. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पायाने सावरायच्या, त्यामुळे घरी ते हातपाय न हलवता बसतात.

"ये, गुप्तहेर," ते म्हणाले. "संशयितांना चहा मिळतो का?"

"काका, तुम्हाला ह्या ग्रुपचा राग येतो?"

"राग कसला? तुझ्या मावशीच्या पाठीत उसण भरली. मी शेजारी झोपतो, मला पत्ता नाही. सकाळी तिच्या फोनवर बोटवाल्याचा मेसेज, 'पाठ कशी आहे?' समुद्राच्या मध्यावर असलेल्या माणसाला माझ्या बायकोची पाठ माहीत!" त्यांनी बशी खाली ठेवली. "पाव भाजला की आधी फोटो. मग फोटोला उत्तरं येईपर्यंत आम्ही सुरी हातात घेऊन उभे. राग नाही. आपण आपलं बघतो."

मी मुद्द्यावर आले. "गाठीचं तुम्हाला कधी कळलं?"

"कधी म्हणजे? गाडी कोणी चालवली?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"शिकवायच्या गाडीतून नेलं तिला. तीच ती, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली. इतकी घाबरली होती की वाटेभर तिच्या बाजूचा ब्रेक दाबत होती. दवाखाना येईपर्यंत आम्ही नुसते आचके खात होतो. मग बाहेरच्या बाकावर बसलो, तिचा हात धरून." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "का?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी टेबलावरचा मावशीचा फोन उचलला. 'एक घास'चं लिहिणं अजून उघडंच होतं. त्यांचा चेहरा मी बघत होते. गाठीवरून ते शांतपणे पुढे गेले. 'एकटी' ह्या शब्दापाशी थांबले.

"एकटी?" ते म्हणाले. "हे ह्या माणसाला कोणी सांगितलं?"

दारात मावशी उभी होती. तिने पदराने कोरडेच हात पुसले.

"मी," ती म्हणाली. "ग्रुपवर मीच तसं लिहिलं."

५

काका गॅलरीत निघून गेले. मावशी माझ्यासमोर बसली.

"का गं?"

"काय माहीत. लिहिता लिहिता 'आम्ही गेलो' असं लिहिलं होतं. मग ते खोडलं. 'एकटी गेले' लिहिल्यावर तिघंही लगेच आले. कामं टाकून आले." तिने बोटातला अंगुस्ताना काढला आणि परत घातला. "तुला नाही कळायचं."

कळत होतं. पण त्याक्षणी माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं. संशयितांचे चेहरे बघून काही हाती लागत नव्हतं, म्हणून आता मी लिहिण्यातलं एकेक वाक्य तपासायला घेतलं. कुठलं खरं, कुठलं खोटं?

'एकटी गेली' हे खोटं होतं. आणि हे खोटं जगात एकाच ठिकाणी होतं, ग्रुपमध्ये. म्हणजे 'एक घास'ने ते तिथेच वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला. म्हणून काका सुटले. काकांनी मावशीची फजिती करायची म्हटलं असतं तर त्यांच्याकडे ह्याहून मोठं हत्यार होतं, ही बाई एकटी गेलीच नव्हती. ते सोडून ते उलटं कशाला लिहितील?

"म्हणजे ग्रुपमधलंच कुणीतरी," मावशी म्हणाली. "म्हणजे नर्सबाईच."

"थांब. अजून एक वाक्य राहिलंय."

कोंबडा. 'डावीकडे मान करून असा बघत होता.' मी ग्रुपमधला फोटो पुन्हा उघडला. कोंबडा उजवीकडे बघत होता. तिघांनीही त्याला उजवीकडेच बघताना पाहिलं होतं, त्यावर विनोदही केले होते.

चूक? की चूक नाही?

"मावशी, मला एक कोंबडा काढून दे."

"आत्ता? कशावर?"

तिने खडू उचलला आणि बेतायला घेतलेल्या कापडाच्या कडेला झरझर एक कोंबडा काढला. चोच डावीकडे. मी दुसरा काढायला सांगितला. चोच डावीकडे. तिसरा तिने चिडून काढला आणि त्याचीही चोच डावीकडेच आली.

"मावशी, तुझ्या ॲप्रनचा खिसा कुठल्या बाजूला आहे?"

"डाव्या. सुरी उजव्या हातात असते ना, मग फडकं डावीकडे."

फोटोत फडकं मावशीच्या उजव्या बाजूला लोंबत होतं.

"तू फोटो स्वतःच काढतेस ना? समोरच्या कॅमेऱ्याने?"

"मग काय ह्यांना सांगू? हे माझं डोकं कापतात फोटोत."

तिच्या फोनमध्ये समोरच्या कॅमेऱ्याचे फोटो आरशासारखे उलटे साठत होते. डावा खिसा उजवीकडे गेला होता आणि कोंबड्यानेही मान फिरवली होती. मावशीच्या कधी लक्षात आलं नाही, कारण माणसाला आपला चेहरा आरशातलाच बरोबर वाटतो.

"हा फोटो आणखी कुठे टाकलास?"

"कुठेच नाही."

"मग 'एक घास'ने फोटो पाहून लिहिलेलं नाही. ग्रुपमधल्या तिघांना डावीकडे बघणारा कोंबडा माहीतच नाही. ज्याने हे लिहिलं त्याने खरा पाव पाहिलाय. ह्या घरात, स्वतःच्या डोळ्यांनी."

६

आता उत्तर सोपं व्हायला हवं होतं, पण ते अशक्य झालं. लिहिणाऱ्याने पाव पाहिला होता, म्हणजे तो घरातला. लिहिणाऱ्याने ग्रुप वाचला होता, म्हणजे तो ग्रुपमधला. असा माणूसच नव्हता.

"त्या दिवशी पाव कोणी कोणी पाहिला?"

"ह्यांनी. तू मुलाखतीला बाहेरगावी होतीस. आणि ताई आली होती, मी ओव्हनमधून काढला तेव्हाच. तिला अर्धा दिला."

"आई ग्रुप वाचत नाही," मी म्हणाले. फार पटकन म्हणाले.

"ताई? तिला ग्रुपचं नाव काढलं तरी खपत नाही. परवा म्हणाली, तुझ्या त्या मेसेजवाल्यांना सांग, मीठ मी शिकवलं. मी म्हटलं, शिकवलंस गं बाई, कोण नाही म्हणतंय?"

मी जिन्याने वर निघाले. आमचं दार उघडं होतं, आत गाणं चालू होतं. मी दारातच होते तेव्हा ते अडखळलं आणि पुन्हा सुरू झालं. त्याच वेळी माझ्या फोनवर उघडलेल्या ग्रुपमध्ये दातवालीचा मेसेज आला होता: "सहा वाजता निर्णय घेऊ."

मी चप्पल न काढता तशीच उभी राहिले. मघाशी दातवालीने ग्रुपवर टाकलं, तेव्हा गाण्याला उचकी लागली होती. आता तिने टाकलं, पुन्हा लागली. दोन वेळा जुळलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला ते सिद्ध व्हायला नको होतं.

मी दातवालीला वेगळं लिहिलं: "ग्रुपवर नुसतं एक टिंब टाकाल का? मग जरा थांबून लागोपाठ दोन?"

"दात काढताना?"

"कृपा करून."

टिंब आलं. गाणं अडलं, सुरू झालं. मग लागोपाठ दोन टिंबं आली, आणि रेडिओला लागोपाठ दोन उचक्या लागल्या.

मावशीने जुना फोन दिला, गाणी भरून दिली. त्यातलं आपलं ग्रुपचं खातं तेवढं बंद करायचं विसरली, आणि आमच्या वाय-फायवर ते चालूच राहिलं.

आई फडताळापाशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. फोनवरचा गाण्याचा पडदा तिने बोटाने बाजूला सरकवला. ती तीन टिंबांकडे बघत होती.

"ही टिंबं कसली?" ती स्वतःशीच म्हणाली.

"माझी," मी म्हणाले.

७

आई दचकली नाही. तिने गाणं बंद केलं आणि खुर्चीत बसली.

"किती दिवस वाचतेस?"

"पहिल्यापासून. आधी कळेना कसला आवाज येतो. मग उघडलं तर ती दिसली. माझी बहीण. कणकेपासून पाठीपर्यंत सगळं सांगतेय." आईने टेबलावरचा न दिसणारा कण टिपला. "मला वाटलं, बरं झालं. मला सांगत नाही, पण मला कळतं तरी. सकाळी चहा घेताना वाचायचे. तिला रात्री झोप नाही लागली की दुपारी मी आपली भाजी घेऊन खाली जायचे, सहज आल्यासारखी. ती विचारायची, ताई, तुला कसं कळतं गं? मी म्हणायचे, मोठी आहे मी तुझ्याहून."

"मग असं का लिहिलंस?"

"गाठ आली." तिचा आवाज चढला. "त्यांनी तिला विचारलं, घरी कोण आहे? ती म्हणाली, एकटी जाते. एकटी! मी दोन मजले वर! शाळेच्या पहिल्या दिवशी तिला हाताला धरून कोणी नेलं? ती नर्स तिला लिहिते, 'घाबरू नका, मी आहे.' कुठे आहे? मी इथे बसून वाचतेय आणि मला 'मी आहे' म्हणता येत नाही, कारण मला माहीतच नाहीये. ते सगळं झालं, आणि चार दिवसांनी ही बया कोंबडा काढते आणि हसते. मला अर्धा पाव देते, म्हणते, ताई, मीठ बघ. मीठ!"

तिला रडू येत होतं, पण तिने येऊ दिलं नाही.

"तुला दुसरं कुणी अडचणीत यावं असं वाटत होतं?"

"नाही. मला वाटलं, ती सगळ्यांवरच चिडेल. ग्रुप सोडेल. मग वर येईल." तिने टेबलावरचा आणखी एक कण टिपला. "एकाच बाईला धरतील हे नव्हतं वाटलं. तिलाच धरलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला जरा बरंही वाटलं."

"आई, काका बरोबर होते."

"कुठे?"

"दवाखान्यात. गाडीतून घेऊन गेले. बाकावर तिचा हात धरून बसले होते. एकटी गेले हे मावशीने नुसतं लिहिलं."

आई माझ्यावरच ओरडली, "नुसतं लिहिलं? मी त्यावर रात्र-रात्र जागून काढली, आणि तिने नुसतं लिहिलं?"

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजायला आले होते. ग्रुपवर दातवालीने सुरुवात केली होती: "सगळे आहात का?" बोटवाला: "आहे. पण मला हे पटत नाहीये, नोंद असू द्या." नर्सबाई: "आहे."

"हे तुलाच थांबवावं लागेल," मी म्हणाले. "मी सांगितलं तर ती चुगली होईल."

आईने माझ्याकडे बघितलं. मग फडताळावरचा फोन घेतला आणि एका बोटाने टाइप करायला लागली. पुसायची, परत लिहायची. आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. टाकेवाली लिहितेय, टाकेवाली लिहितेय. खरी टाकेवाली मात्र दोन मजले खाली, रिकाम्या हातांनी बसलेली होती.

टाकेवालीच्या नावाने मेसेज आला:

"मी टाकेवाली नाही. मी तिची थोरली बहीण. तिच्या जुन्या फोनवरून तुमचं सगळं वाचत होते. 'एक घास' मीच. नर्सबाईंनी काही केलेलं नाही. मला तुम्हा सगळ्यांचा हेवा वाटला, आणि तुमचा सगळ्यात जास्त, नर्सबाई, कारण मी जे बोलले असते ते तुम्ही बोलत होतात. सार्वजनिक पानावरचं आत्ता काढून टाकते."

दातवाली लिहायला लागली आणि थांबली.

मग नर्सबाई: "ताई, तुमच्यावर राग नाही. तुम्ही मला ओळखत नव्हतात. हे तिघं तर मला ओळखत होते. त्यांनी मला एकदा विचारलंही नाही, फक्त वेळ कळवली. येते."

आणि खाली बारीक अक्षरात ओळ उमटली, की ती ग्रुपमधून बाहेर पडली आहे.

८

मावशी जिने चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. आई उभी राहिली. मला वाटलं, आता मिठी तरी मारतील, नाहीतर थोबाडीत तरी. दोघींनी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"माझं सगळं वाचत होतीस?"

"तू कुठे सांगत होतीस?"

"सांगितलं की तू डोक्यावर बसतेस!"

"आणि एकटी गेले म्हणून लिहितेस! बिचारे ते बाकावर बसले असतील आणि तू तिथेच बसून 'एकटी' लिहीत होतीस!"

"त्याचं मी बघेन त्यांच्याशी. तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे. मी आधीपासून आहे."

मावशी काहीतरी लागट बोलणार होती. ते तिच्या ओठावर आलेलं मी पाहिलं. पण ती थांबली आणि हातातल्या फोनकडे बघितलं. तिथे आता तिघंच उरले होते.

"तुझ्याशी भांडण मी उद्या करीन," ती म्हणाली. "दिवसभर करीन. आत्ता मला दुसरं काम आहे."

तिने नर्सबाईंचा नंबर लावला. मेसेज नाही, सरळ फोन. ओळख झाल्यापासून पहिल्यांदा. वाजत राहिला. मावशी गॅलरीत गेली, कठड्याला टेकली, पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला तो उचलला गेला.

"मी टाकेवाली," मावशी म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "तुमचा आवाज असा आहे होय? मला वाटलं होतं, जाड असेल... नाही, नाही, ठेवू नका. मी माफी मागायला नाही केलाय. म्हणजे मागायला केलाय, पण आधी ऐका. मी एकटी गेले नव्हते..."

पुढचं ऐकू येईना. गॅलरीचं दार तिने ओढून घेतलं होतं. काचेतून दिसत होतं ते एवढंच, ती बोलतेय, ऐकतेय, मान हलवतेय, मध्येच डोळे पुसतेय आणि एकदा चक्क हसली.

आईने दुधी चिरायला घेतला. चार फोडी केल्या, काचेकडे बघितलं. आणखी चार केल्या.

"किती वेळ बोलतेय गं ती," आई म्हणाली.